भिंतीपलीकडून ‘आलोच’

“ही भिंत कुणी वाढवली गं?”

तोकिए मावशींनी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं अशा रेघेवर, जिचा चिनात्सुला सगळ्यात जास्त अभिमान होता.

“मीच. बायकांची न्हाणी आणि पुरुषांची न्हाणी, मधली भिंत छतापर्यंत जातच नाही मावशी. वर सगळं मोकळं. इकडची वाफ तिकडे, तिकडच्या गप्पा इकडे. ती छतापर्यंत नेली की गॅस किती वाचेल बघा!”

“हं,” मावशी म्हणाल्या आणि टॉवेलांच्या घड्या घालू लागल्या.

ओसाकाच्या बोलघेवड्या बाईने नुसतं ‘हं’ म्हणून गप्प बसावं, म्हणजे काहीतरी नक्कीच बिनसलं. चिनात्सु तोक्योची, सतराव्या मजल्यावर वाढलेली. इथे वास्तुकला शिकायला आली आणि या शहराने तिला पार खुळं करून सोडलं. छप्पर घातलेले लांबच लांब बाजार, एकमेकांना खांदा लावून उभी असलेली लाकडी घरं, कालव्याकाठच्या जुन्या दगडी पेढ्या, सगळीकडे ही बाई वही घेऊन भटकायची. पण तिचा जीव जडला तो मावशींच्या या सार्वजनिक न्हाणीघरावर. आणि त्याचंच काही खरं नव्हतं. बॉयलर म्हातारा झाला होता. मावशींनी साफ सांगून टाकलं होतं, तुझा आराखडा पटला तर दुरुस्ती करीन, नाही पटला तर वसंतात कुलूप लावून जागा पार्किंगवाल्याला देईन.

“नळ मोजलेस, फरश्या मोजल्यास,” मावशी म्हणाल्या. “आंघोळ केलीस का इथे एकदा तरी?”

चिनात्सु लाल झाली. “खोलीवर शॉवर आहे ना...”

“अगं बाई! जेवलीस नाहीस आणि स्वयंपाकाला नावं ठेवतेस होय? धर हा टॉवेल. हो आत.”

झालं. बिचारी लाजत लाजत आत गेली, बुटक्या स्टुलावर बसून अंग घासलं आणि मधल्या मोठ्या हौदातल्या कढत पाण्यात पाय घातला.

“आई गं!”

“तोक्योची दिसतेस,” हौदाच्या दगडी काठावर बसलेली एक म्हातारी म्हणाली. त्या उमेनो आजी. “बुड की खांद्यापर्यंत. मरत नाहीस!”

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, “अगं, साबण संपला!” बायकांमधली एक उठली आणि तिने भिंतीवरून साबण भिरकावला. पलीकडे तो झेलल्याचा आवाज आला. कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

थोड्या वेळाने उमेनो आजी उठल्या. पंचा पिळला, भिंतीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अहो, मी निघाले हं!”

“हो हो, आलोच!” पलीकडून घोगरं उत्तर आलं.

चिनात्सुला फार गंमत वाटली. पण ती कपडे घालून बाहेर आली तर आजी एकट्याच चपला घालून चालू लागल्या होत्या.

“आजोबांसाठी थांबल्या नाहीत त्या?”

“तिचे यजमान, शोहेईसान, जाऊन तीन वर्षं झाली,” मावशी म्हणाल्या. “ते गेल्यावर पहिल्यांदा आली, तेव्हा सवयीने हाक मारून बसली. पुरुषांकडे सगळं चिडीचूप. मग तोफूवाला कानेदा ओरडला, ‘आलोच!’ तेव्हापासून जो कोणी तिकडे असेल तो ओ देतो.”

“आजींना कळत नाही?”

“न कळायला काय झालं? परवा कानेदाला सर्दी होती. तर बाहेर येऊन मला म्हणते, आमच्या ह्यांचा घसा बसलाय, आल्याचा चहा द्या हो जरा!”

चिनात्सुचे डोळे भरून आले. तिने तिथेच, काउंटरवर, खोडरबर काढून ती रेघ पुसायला घेतली.

“रडून नकाशा भिजवू नकोस,” मावशी म्हणाल्या. “शनिवारी नवा आण. मग बघू.”

शनिवारी नवा आराखडा आणताना, पुरुषांकडची मापं पडताळायला तिने वर्गातल्या गेन्ताला सोबत आणलं. दार नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. चिनात्सु मात्र आता सवय झाल्यासारखी आधी हौदात जाऊन बसली. आणि नेमक्या त्याच दिवशी उमेनो आजी लवकर आल्या, बहिणीकडे जायचं होतं म्हणून.

त्या उठल्या. पंचा पिळला. “अहो, मी निघाले हं!”

पलीकडे फक्त गेन्ता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! कुणी काकू कुणा काकांना हाक मारतेय, आपला काय संबंध, म्हणून तो मोरीची लांबी मोजत राहिला.

नळाचं पाणी तेवढं टपटपत होतं. आजी भिंतीकडे बघत उभ्याच.

“अहो?” या वेळी आवाज अगदी लहान होता.

गेन्ताला नावाने हाक मारावी तर सगळंच मोडणार! चिनात्सुने काठावरचा साबण उचलला आणि सगळा जोर लावून भिंतीवरून फेकला.

टक्!

“आई गं! मेलो!”

उमेनो आजी हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “जन्म गेला,” त्या चिनात्सुला म्हणाल्या, “पण ह्यांना साबण काही झेलता आला नाही.” आणि भिंतीकडे वळून म्हणाल्या, “सावकाश या हो. पाय घसरेल.”

पलीकडून गेन्ताचा गोंधळलेला आवाज आला, “हो... हो, आलोच!”

आजी गेल्या. काउंटरवर मावशींनी नवा आराखडा ओढून घेतला, मधल्या भिंतीवर बोट फिरवलं. ती होती तेवढीच होती, वर मोकळी. मावशींनी नाक ओढलं आणि सही ठोकली.

“लागा कामाला,” त्या म्हणाल्या. “आणि आधी त्या पोराच्या कपाळाला बर्फ लाव.”