शेवटचा फर्मा

एकोणीसशे बासष्ट साली, उन्हाळा संपत आला होता तेव्हाची ही गोष्ट. अक्का कामावरून आली आणि तिने चपला काढायच्या आधीच पलंगावरून आवाज आला.

“शेवटचा कुणाकडे गेलाय?”

“अरे, तिला आत तर येऊ दे,” आई म्हणाली.

“येऊ दे की. मी कुठे अडवलंय? येता येता सांगू दे.”

“रेडिओकडे,” अक्का म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. “तुझं नशीबच फुटकं बघ. मला दुसरा मिळालाय.”

धाकट्याने उशीत तोंड खुपसलं.

माझी थोरली बहीण एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात घड्या घालायची. वडील गेले तेव्हा तिची शाळा सुटली आणि तिथली नोकरी लागली. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापून यायची. त्या कागदाला फर्मा म्हणत. त्याला तीन घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीने दाबायच्या, की पानं ओळीने लागत. लांब टेबलापाशी आठ-दहा बायका बसत आणि एकेकीकडे एकच फर्मा येई. दिवसभर, कधी आठवडाभर तोच. त्यामुळे अक्काचं ज्ञान मोठं विचित्र झालं होतं. वैद्यकाच्या एका पुस्तकातले पोटाचे विकार तिला तोंडपाठ होते. छातीचे विचारले की म्हणायची, “ते पलीकडच्या बाईकडे होते.”

त्या दिवसांत आमच्या वयाच्या मुलामुलींना एकाच मालिकेचं वेड होतं. आम्ही तिला नुसतं ‘नावेची पुस्तकं’ म्हणायचो. मालवाहू नावेवर राहणारी तीन भावंडं, आईबाप नाहीत, नदीकाठच्या गावोगावी माल पोचवायचा. मी सोळा वर्षांची होते, दोन वेण्या घालून शहाण्यासारखी वागायचे, पण त्या पुस्तकासाठी मैत्रिणीशी अबोला धरला होता. तिसऱ्या भागाच्या शेवटी पूर येतो आणि सगळ्यात लहान भाऊ, पिटुकल्या, वाहून जातो. तिथेच पुस्तक संपतं. तो सापडतो की नाही यावरून शाळेत दोन तट पडले होते. वाचणारी मुलं मधल्या सुट्टीत डबे बंद ठेवून भांडायची. आणि आता चौथा, शेवटचा भाग आमच्या अक्काच्याच छापखान्यात आला होता.

धाकटा चौदा वर्षांचा. कमरेचं हाड किडलं म्हणून वर्षभर पलंगावर होता. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि पुस्तक त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानात येणार होतं. डॉक्टर आईशी दाराबाहेर बोलले. हळू बोलले, पण अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात.

“अक्का,” त्या संध्याकाळी तो म्हणाला, “नाही उठलो मी, तर मला कळणारच नाही ना?”

“काय कळणार नाही?”

“पिटुकल्याचं.”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासू लागली.

छापखान्यातून कागद बाहेर काढायची सोय नव्हती. एरवी डागाळलेले फर्मे बायका घरी नेत, फोरमन तिकडे बघत नसे. पण या पुस्तकासाठी मालकाने फाटकावर माणूस उभा केला होता, तो पिशव्या उलट्या करून बघायचा. राहता राहिला एकच मार्ग. अक्काने दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या शेजारणीला गाठलं. ही शेजारीण अखंड बोलायची, म्हणून तिचं नाव रेडिओ. पुढचं मला तिनेच सांगितलं.

“तुझा गठ्ठा मला दे, माझा तू घे.”

“का गं? शेवटच्या फर्म्याला काय सोनं लागलंय? घड्या तीनच घालायच्या.”

“मग दे की.”

“खिडकीची जागा नाही हं सोडणार मी. आधीच सांगते.”

“जागा नकोय, बाई. गठ्ठा दे.”

मग अक्काने कारण सांगितलं, आणि रेडिओ बंद पडला. तिने मुकाट्याने गठ्ठा सरकवला.

आता वाचायचं कसं? हात थांबले की फोरमन यायचा. त्याला सगळ्या मामा म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर मालक होता. अक्काने एक युक्ती काढली. एका कागदाला एक ओळ. घडी घालता घालता नजर एका ओळीवरून जाऊ द्यायची. पुढच्या कागदावर तेच सगळं पुन्हा असतंच, तिथे त्याखालची ओळ. असं करत हळूहळू पान उतरायचं. अडचण एवढीच, की फर्म्यावर निम्मी पानं सरळ असतात आणि निम्मी डोक्यावर उभी. उलटी अक्षरं वाचून तिचे डोळे लाल झाले. घरी आली की ओला फडका डोळ्यांवर ठेवून पडायची आणि धाकटा विचारायचा, “कुठपर्यंत?”

“शोधतायत अजून. झाडाझुडपांतून हाका मारतायत.”

“मग?”

“मग काय, पान संपलं. उद्या.”

तारीख जवळ आली तशी तिची घाई झाली. एका दुपारी तिने गठ्ठाच फिरवून घेतला, म्हणजे उलटी पानं तिच्याकडून सरळ दिसतील. तेवढं वाचून झालं की गठ्ठा पुन्हा जागच्या जागी फिरवायचा होता.

हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी आई पिशवी भरत होती. अक्का लवकर आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिचा चेहरा पाहून मी ओळखलं. तिला बाहेर ओढत म्हणाले, “सापडला म्हणून सांग. तुला काय जातंय?” तिने माझा हात सोडवला.

“सांगू?” तिने धाकट्याला विचारलं.

“सांग.”

“सापडत नाही तो.”

धाकटा छताकडे बघत राहिला. आईचे हात पिशवीतच थांबले.

“हाका मारतात तेव्हा एकदा ओ आल्यासारखं वाटतं,” अक्का म्हणाली. “पण तो त्यांचाच आवाज असतो, काठावर आपटून आलेला.”

“मग ती दोघं काय करतात?”

“रडतात. मग माल पोचवायचा असतो म्हणून नाव सोडतात. थोरली सुकाणूवर बसते. तेवढंच आहे.”

“बरं,” धाकटा शेवटी म्हणाला. “मधलं माझं मी लावतो.” आणि त्याने कूस बदलली.

मी रात्रभर अक्काशी बोलले नाही. सकाळी पाणी भरताना न राहवून म्हटलं, “दगड आहेस नुसती.”

“खोटं सांगितलं असतं,” ती हंडा खाली ठेवत म्हणाली, “तर तो परत येऊन पुस्तक वाचणार नाही असं मीच धरून चालल्यासारखं झालं असतं. मी तसं धरलेलं नाही.”

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. अक्का बाकावर बसल्या बसल्या झोपली. झोपेत तिची बोटं मांडीवर घड्या घालत होती. आईने ती आपल्या हातात धरून ठेवली. धाकटा वाचला. शुद्धीवर आल्यावर आधी ओकला, मग पाण्यासाठी भांडला. आई म्हणाली, “भांडतोय म्हणजे बरा आहे.”

पुस्तक निघालं त्या दिवशी रेडिओ एक प्रत घेऊन वॉर्डात आली. “मालकाकडून मागून आणलीय, चोरलेली नाही,” असं तिने नर्सला, शेजारच्या रुग्णाला आणि फरशी पुसणाऱ्या बाईलाही सांगितलं. धाकट्याने दोन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी अक्का आणि मी गेलो तर तो उशीला टेकून बसला होता, गाल लाल.

“खोटारडी! जिवंत आहे तो!”

“कोण?”

“पिटुकल्या! ओ देतो तो. बघ, शेवटचं पान बघ!”

अक्काने पुस्तक घेतलं. तिने ओळी वाचल्याच नाहीत. पानांच्या कोपऱ्यातले आकडे पाहिले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

“ही घडी माझी आहे,” ती म्हणाली.

गठ्ठा पुन्हा फिरवायचा राहून गेला होता. त्या दुपारच्या सगळ्या फर्म्यांची पानं मागेपुढे झाली होती. निरोप आधी, शोध नंतर, आणि सगळ्यात शेवटी ती हाक आणि तिला आलेली ओ. तो त्यांचाच आवाज होता हे सांगणारं पान आधीच होऊन गेलेलं. पुढे फर्मे एकावर एक लावायच्या जुळणीवर, शिलाईवर कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रती दुकानांत गेल्या होत्या.

“कुणी घातली ते कसं कळणार?” मी जिन्यात म्हणाले. “गप्प राहा.”

“दोघींनी गठ्ठे बदलले ते कुणाला माहीत नाही. नाव रेडिओचं येईल.”

दुसऱ्या दिवशी तक्रार यायच्या आत ती मामापुढे जाऊन उभी राहिली. मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तू बोलली नसतीस तर मी जुळणीवर ढकललं असतं गं.”

“जुळणीवरच्यांना घरदार नाही का, मामा?”

“आता मालकाला काय सांगू?”

“मी केलं ते सांगा. का केलं ते नका सांगू.”

मालकाने तिला काढलं नाही. टेबलावरून उठवून खळीच्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकी नव्हती, मोठ्या पातेल्यात पिठाची खळ शिजायची आणि पुठ्ठ्यांना ती लावत उभं राहायचं. घडीचं काम हुशार हातांचं समजलं जाई, खळीचं कुणाचंही. अक्काचे हात पुन्हा त्या टेबलाला लागले नाहीत. बोटांना कायमच्या भेगा पडल्या. केसांना आंबूस वास येई, म्हणून ती लग्नकार्यात मागे बसू लागली. संध्याकाळी ती आली की धाकटा गरम पाण्याचं घमेलं तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि काठी टेकत निघून जायचा.

दुकानदारांनी चुकलेल्या प्रती बदलून द्यायला सुरुवात केली. बरीच मुलं बदलायला गेलीच नाहीत. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “आमच्या पुस्तकात तो सापडलाय, आम्हाला तुमचं नको.”

पुढे काही वर्षांनी घड्या घालायचं यंत्र आलं. त्याचं बटण पहिल्यांदा मामानेच दाबलं आणि त्याच महिन्यात तो निवृत्त झाला. मुलाकडे राहायला गेला, तिथेच वारला. रेडिओला म्हातारपणी ऐकू येईनासं झालं. बोलणं मात्र थांबलं नाही. उलट आता मध्ये बोलणाऱ्याचा त्रास नाही, असं तीच म्हणायची. आई धाकट्याचं लग्न बघून गेली. धाकटा एक पाय ओढत चालतो. त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं, ते अजून चालवतो. मी शाळेत शिकवलं, आता माझेही डोळे गेले.

अक्काने लग्न केलं नाही. निवृत्त झाली आणि धाकट्याकडे राहिली. शेवटच्या आजारात तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा धाकट्याची मुलगी शाळेतून आली की तिला वाचून दाखवायची. नावेची पुस्तकं नव्याने छापली होती, मुलीनेच हट्टाने आणली होती. अक्काने पहिला भाग आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. “फार बोलतात गं ही पोरं,” म्हणायची, पण दुपारी उठून वाट बघायची. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा संपत आला त्या दुपारी मी तिथे होते. मुलीने पान उलटलं, तर अक्काने हात वर केला.

“राहू दे, पोरी. इथून पुढचं मला येतं.”

आणि भिंतीकडे तोंड करून ती झोपली. मुलीने पाय वर घेतले, पुस्तक गुडघ्यांवर उघडलं आणि आवाज न करता पुढे वाचू लागली.