म्हाताऱ्याच्या उशाचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे. आज मासे धुरी देऊन टिकवायच्या खोपटामागे माझ्यावर वालाचे वेल चढलेत, म्हणून हसू नका. बाल्टिक समुद्रातल्या आमच्या बेटावर मासे पळवणाऱ्या सील प्राण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा पहिला गडी मीच!

गावच्या लोहारानं मला घडवलं आणि एव्हाल्ड नावाच्या कोळ्याच्या पलंगाला उशाकडे बसवलं. त्याचं घोरणं ऐकायचं, एवढंच माझं काम.

आमच्याकडे दर्यावर सीलचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो ऐकतो आणि येतो. म्हणून त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात. घरीसुद्धा जिभेला तीच सवय. एव्हाल्डचा मुलगा टीट पलीकडच्या शहरातल्या माईरेला बायको करून घेऊन आला, पण तिला हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. टीट रोज सकाळी फाटकं जाळं आपटायचा. “म्हाताऱ्यानं पुन्हा डल्ला मारला! अर्धे खाल्ले, अर्धे नुसते चावून टाकले!”

माईरे सासऱ्याकडे बघायची. हळूहळू त्याच्या ताटातला मासा नाहीसा झाला.

“सूनबाई, कोळ्याच्या घरात नुसते बटाटे?”

“तुमचं पोट भरलेलंच असेल ना, मामंजी,” ती गोड आवाजात म्हणे.

एके दिवशी टीटनं भिंतीवरची बंदूक काढली. “असंच चाललं तर होडी विकून शहरात हमाली करावी लागेल. आज म्हाताऱ्याला गोळीच घालतो!”

माईरे दारात आडवी आली. “अहो, बाप आहे तो तुमचा! चार मासे खाल्ले म्हणून जीव घ्याल?”

पलंगावर बसलेला एव्हाल्ड असा हसला, असा हसला, की माझे गज खुळखुळले. “म्हणून बटाटे होय!”

मग डोळे पुसून तो म्हणाला, “पोरा, एक मारशील, दुसरा येईल. त्यापेक्षा दार लाव.” आणि त्यानं मला पलंगातून उपटून सापळ्याच्या जाळ्याच्या तोंडाशी बांधलं. माझ्या गजांमधून मासा आरामात आत जाई. सीलचे खांदे मात्र अडकत. मिशा फेंदारून तो माझ्याकडे बघत राही. जाळं धड, मासे धड! मग शेजारच्या कोळ्यांनीही आपापले पलंग मोडले आणि त्यांच्या बायकांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. तेही कौतुकच. एव्हाल्डची उशी मात्र रोज खाली पडायची. तो कुरकुरला नाही.

काही वर्षांनी मासा पुन्हा रोडावला. टीट चिडला, “म्हातारा! दुसरं कोण?”

“अरे, तो दाराबाहेर उभा आहे,” एव्हाल्ड म्हणाला. “बाहेर तो खातो, पाणकावळेही खातात, खोटं कशाला बोलू? पण ही माशांची बोटभर पिल्लं कुणाच्या जाळ्यात आहेत?”

त्या रात्री माईरेनं टीटपुढे नुसते बटाटे ठेवले. त्याच हिवाळ्यात त्यानं मोठ्या भोकांचं जाळं विणलं. पिल्लं सुटू लागली, मोठी होऊन परत येऊ लागली. होडी विकली गेली नाही. आजही ती धक्क्याला आहे.

आता कारखान्यातून गजांसकट सापळे येतात आणि मी वेल सांभाळतो. मित्रांनो, माझ्यावर कधी तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल. नाही फिरवलात तरी चालेल. पण समुद्रातला मासा घटला आणि कुणी म्हणालं, “म्हाताऱ्यानं खाल्ला,” तर बंदुकीला हात घालण्याआधी एवढंच विचारा: “कोणत्या म्हाताऱ्यानं?”