गळतंय म्हंजी आत हाय

मी एक जुना, आडवा कापलेला पत्र्याचा डबा आहे. एकेकाळी माझ्यात गोडेतेल होते आणि पोटावर शेंगांचे चित्र होते, हे आता कोणाला खरे वाटणार नाही. म्हसाच्या जत्रेत एका भजीवाल्याकडे मी रिकामा झालो आणि देवरामने मला पाड्यावर आणले. मला वाटले, आता माझ्यात तांदूळ भरतील. त्याने छिन्नीने मला कापले आणि आपल्या जुन्या जीपखाली सरकवले.

जीपच्या इंजिनातून तेल गळत होते. रोज सकाळी देवराम माझ्यात वाकून पाही आणि माझ्यात जेवढे पडले असेल तेवढे नवे तेल इंजिनात ओती. तेल मोजायची पट्टी इंजिनातच असते, पण ती ओढून पाहायचे कष्ट कोण घेणार? सगळा भरवसा माझ्यावर.

मुरबाडच्या नथू मिस्त्रीने त्याला बजावले होते, "देवरामभाऊ, मागचं सील गेलंय. इंजिन उतरवाया लागंल. दोन दिस गाडी ठेवा."

देवराम हसला. "गळतंय म्हंजी आत हाय, नथू."

हे वाक्य पाड्यावर सगळ्यांना फार आवडले. आवडणारच. माझ्यातले काळे तेल घराच्या खांबांना फासले की वाळवी लागत नाही, म्हणून लोक वाटी घेऊन माझ्याकडे येत. माझे कौतुक होई आणि मीही फुशारून जाई. इंजिन बरे व्हावे असे कोणालाच वाटत नव्हते. खोटे कशाला बोलू, मलाही नाही.

पण मित्रांनो, माझ्यात पडे ते फक्त उभ्या जीपचे तेल. धावताना गळे ते रस्त्यावर जाई, आणि ते कोणी परत ओतत नसे. मला तोंड आहे, चांगले अख्खे उघडे, पण बोलता येत नाही.

शेजारच्या सकुबाईची बारकी त्या वर्षी दहावीला होती. पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. परीक्षा मुरबाडला आणि सकाळी एसटी नाही, म्हणून देवरामने तिला प्रत्येक पेपराला सोडायचे कबूल केले होते. गणिताच्या दिवशी जीपमध्ये चढताना ती थबकली.

"काका, डबा तीन दिस कोरडा हाय."

"बरी झाली गो गाडी. तू पेपराचं बघ."

त्याने मला लाडाने पायाने बाजूला सारले आणि ते गेले.

दुपारी दोघे चालत परत आले. म्हसाच्या अलीकडच्या चढावर इंजिन खडखडले आणि जाम झाले. बारकी धावत सुटली, पुढे एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसली, पण केंद्राचे फाटक बंद झाले होते. देवरामने कित्येक वर्षांनी पट्टी ओढली, तेव्हा ती कोरडी निघाली.

सकुबाई रडली नाही. तिने एवढेच विचारले, "तुमीच म्हनायचा, गळतंय म्हंजी आत हाय. मंग गळायचं थांबलं तवा काय समजाया पायजे व्हतं?"



जुलैत पुन्हा परीक्षा होती. तोपर्यंत बारकी वाशिंदच्या कारखान्यात लागली होती. तिथे ती नव्या कोऱ्या डब्यांना झाकणे लावते.

नथूने ओढून आणलेली जीप आता अंगणात गंजते आहे. देवराम अजूनही संध्याकाळी मला तिच्याखाली सरकवतो आणि सकाळी वाकून पाहतो. त्याची मला कीव येत नाही. मित्रांनो, दुखणे आहे तोवर त्याचा इलाज करा, त्याला वाटी लावू नका. आमच्या पाड्यावर या, एकाही खांबाला वाळवी दिसणार नाही. सगळे खांब बारकीच्या गणिताच्या पेपरावर उभे आहेत.