मागच्या खोलीतली भाकरी

'मागची खोली' हा भुताचा सिनेमा नव्याने काढलाय, आणि तो भिकार आहे. पहिल्याच दिवशी दुपारचा खेळ बघून मी हे सांगून टाकलं, आणि भेटेल त्याला सांगितलं. सकाळी बागेत फिरायला येणारे आम्ही सगळे निवृत्त. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे लाल शाई अजून जिभेवर आहे.

"भूत भाकरी थापतंय, आणि केस मोकळे!" मी म्हणालो. "भाकरीत केस गेला तर भूतसुद्धा ताटावरून उठेल. आणि नखं ही एवढी. त्या नखांनी थापली तर भाकरीची चाळण होईल चाळण."

आमच्यातला गुरुसिद्धप्पा पोट धरून हसला. "मंग न्हाय जात बगा, सर."

"फुकट दिलं तरी जाऊ नका."

जुन्या सिनेमात भूत दिसतच नव्हतं. बायको गेलेला एक माणूस संध्याकाळी ओसरीवर बसतो आणि मागच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज येतो. वळून बघितलं की आवाज थांबतो. म्हणून तो वळत नाही. बस, एवढाच सिनेमा. पण थेटरात माणसं गार पडायची.

त्यातलं घर मोहोळजवळचं. मी तेव्हा तिथल्याच शाळेत होतो आणि सिनेमावाली मंडळी आमच्या वर्गांत उतरली होती. त्यांच्या मुंबईच्या नटीला नुसत्या आवाजापुरतीही भाकरी थापता येईना, पीठ सगळं हाताला. शेवटी कुणीतरी माझ्या बायकोला, रुक्मिणीला, बोलावून आणलं. तिने पदर खोचला, परात पुढ्यात ओढली आणि सुरू केलं. थप् थप् थप्, आणि मध्येच बांगडी परातीच्या काठाला लागून टण्. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तेवढी बांगडी काढा."

"सवाष्ण आहे मी," ती म्हणाली. "तुमच्या सिनेमासाठी हात मोकळे करायचे नाहीत मला."

तो टण् सिनेमात तसाच राहिला.

रुक्मिणी जाऊन चार वर्षं झाली. मोबाइलमध्ये तिचं बोलणं आहे, आमच्या मुलाच्या, ओजसच्या लग्नात तिने घेतलेला उखाणा आहे. पण भाकरी थापताना कोण कुणाला रेकॉर्ड करतं? जुन्या सिनेमाची प्रतही कुठे उरलेली नाही. आणि हा नवा दिग्दर्शक टीव्हीवर सांगत होता की, जुन्या सिनेमाची आवाजाची एक फीत तेवढी सापडली, भाकरीचा तो आवाज आम्ही जसाच्या तसा वापरलाय. म्हणून मी गेलो होतो. बागेत मात्र हे कुणाला बोललो नाही. या वयात लाज वाटली.

आवाज होता, मध्यंतरानंतर. थप् थप् थप्, टण्. तीच. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. तेवढ्यात ढॅण करून संगीत वाजलं, नायक गर्रकन वळला आणि पांढऱ्या बुबुळांची ती बया किंचाळत अंगावर आली. पोरं खिदळली. अरे गाढवांनो, एक भाकरी तरी पुरती थापू द्यायची होती तिला!

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग रोजच जाऊ लागलो. तो आवाज जवळ आला की डोळे मिटून घ्यायचो. रात्री ओजसचा पुण्याहून फोन यायचा, "बाबा, आज काय केलंत?" मी म्हणायचो, "काही नाही रे. बसलो होतो."

पाचव्या-सहाव्या दिवशी तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, शो कॅन्सल झालाय. तुम्ही सोडून कुणीच नाही. उद्या चार माणसं आली तर लावतील, नाहीतर उतरवणार."

दुसऱ्या दिवशी बागेत मी सगळ्यांच्या विनवण्या केल्या. चला, एकदा बघू, तिकिटं माझी.

"सर, तुमीच म्हणला की, फुकट दिलं तरी जाऊ नका म्हणून," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "म्या तर तुमचं ते चाळणीचं बोलणं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. लई हसली लोकं."

आताही सगळे हसले. खरं सांगितलं असतं तर सगळे उठून आले असते, माणसं वाईट नाहीत. पण ज्या भुताची मी आठवडाभर टिंगल केली, त्याच्या भाकरीमागचे हात माझ्या रुक्मिणीचे आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. मी हसलो आणि घरी आलो.

दुपारी एकटाच गेलो. पोस्टर निघालं होतं.

घरी येऊन पाकिटातली कडक भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. विकतचीच असते आता. मग खुर्ची बाहेरच्या खोलीत ठेवली, स्वयंपाकघराकडे पाठ करून, आणि पंखा बंद केला. भूतबीत काही नसतं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंय. मला भुताची भीती नको होती, मला रुक्मिणी हवी होती. शेजारच्या गिरिजाबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली भाजीवाला ओरडून गेला. मी मान हलवली नाही.

दिवेलागण झाली. दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, त्यासाठी वळावं लागलं असतं. मी अंधारातच बसून राहिलो.