साहेब भिंत बघायला येणार

सुनेने बादलीतला उरलासुरला चुना कुंचल्याने निपटून घेतला आणि भिंतीच्या कोपऱ्यात शेवटचा हात मारला. सासरे जाताना एवढंच बोलले होते की, आज साहेब आपली भिंत बघायला येणार आहेत. साहेब भिंत बघणार आणि भिंतीवर कोळशाच्या या रेघोट्या! चारचौघांत शोभा झाली असती. चुना ओला होता तोवर रेघा आतून डोकावत होत्या, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. वाळल्यावर मात्र भिंत कशी लख्ख झाली.

सासरे साहेबांना घेऊन आले, भिंत पाहिली आणि मटकन ओट्यावर बसले.

बावीस वर्षं त्यांचा एक पत्र्याचा डबा छपरावर होता. पाऊस पडून गेला की त्यात काडी बुडवायची, भिजली तेवढी रेघ भिंतीवर ओढायची. एका वर्षाची एक ओळ. गाव त्यांना 'वेधशाळा' म्हणून चिडवायचं. आज त्याच गावाचं पाणी या भिंतीवर अडलं होतं. पाऊस मोजायचं सरकारी यंत्र बाजाराच्या गावात. तिथे तो बरसला, म्हणून कागदोपत्री इथेही बरसला. कोरड्या गावांच्या यादीत नाव नाही आणि नाव नाही म्हणून टँकर नाही. चार खेटे घालून त्यांनी साहेबांना आणलं होतं.

सुनेला यातलं कुणी काही सांगितलंच नव्हतं. दीड वर्षाच्या संसारात सासऱ्यांना रेघ ओढताना तिने एकदाच पाहिलं होतं, तीही नखाएवढी. तिला वाटलं, हात पुसला असेल.

ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. मुलगा शाळेत गेला त्या साली किती पडला, विहीर पहिल्यांदा आटली त्या साली किती, असं ते घडाघडा सांगू लागले. साहेब भला माणूस होता, पण त्याने पेनाला टोपण लावलं.

"आजोबा, तोंडी नाही धरता येत. डोळ्यांनी दिसलं असतं तर लिहिलं असतं."

सून आत गेली. घरात भरलेला हंडा एकच. तासभराच्या वाटेवरून पहाटे तिनेच आणलेला, उद्यापर्यंत पुरवायचा. या घरात भांडी विसळलेलं पाणीसुद्धा म्हशीला जायचं. तिने हंडा कमरेवर घेतला, बाहेर आली आणि तांब्याभर पाणी सपकन भिंतीवर मारलं. साहेब दचकून मागे सरले. दुसरा तांब्या. तिसरा.

चुना भिजला तशा रेघा वर आल्या. वरच्या ओळींत बोटबोट लांब रेघांची दाटी. खाली येता येता त्या पेराएवढ्या झाल्या, त्याही मोजून चार. साहेबांनी टोपण काढलं. ते लिहीत गेले, ती भिजवत गेली.

"शेवटची ओळ दिसत नाही," साहेब म्हणाले.

हंड्याच्या बुडाशी घोटभर पाणी उरलं होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते उठले. तिच्या हातून हंडा घेतला आणि कधी नव्हे ते ताठ उभे राहिले.

"ही आमची सूनबाई," ते म्हणाले. "भिंत हिने दाखवली, असं लिहा."

आणि हंडा उपडा केला. त्या ओळीत एकच रेघ निघाली, नखाएवढी.