मी सिली, एके काळचा आशीर्वाद

मित्रांनो, मी इंग्रजी भाषेतला एक म्हातारा शब्द आहे. नाव माझं सिली. हसलात ना? हसा! सगळेच हसतात.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात माझा अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. मग लोक म्हणू लागले, देवाचं माणूस म्हणजे निष्पाप. निष्पाप म्हणजे बिचारं. बिचारं म्हणजे दुबळं. आणि दुबळं म्हणजे? मूर्ख! मी जागचा हललो नव्हतो हो, लोकांनीच मला एकेक पायरी खाली ढकललं. क्रिकेटमध्येही फलंदाजाच्या नाकासमोरच्या, चेंडू हमखास लागेल अशा वेड्या जागेला माझंच नाव दिलं, सिली पॉइंट!

तरी यॉर्कशरच्या डोंगरात माझं एक घर उरलं होतं. मेंढपाळ एमॉस आजोबांचं तोंड! अशक्त कोकरू जन्मलं, की ते त्याला कोटात गुंडाळून पुटपुटायचे, "सिली गं माझं लेकरू." अगदी जुन्या अर्थाने. नात थर्झा लहानपणी तापाने फणफणायची, तेव्हाही हेच ऐकत झोपायची.

हीच थर्झा मोठी होऊन गावच्या संघात आली. कप्तानाने तिला सिली पॉइंटला उभं केलं.

"घाबरलीस का गं?"

"मी? चेंडूला विचारा!"

शेवटची एक विकेट हवी होती. झेल थेट तिच्या हातात आला, आणि सुटला. सामना गेला.

"सिली पोरगी!" कुंपणापासून आजोबा सगळ्यांदेखत गरजले. "एवढा सोपा झेल! नाक कापलंस माझं!"

पोरं खिदळली. थर्झा पाठ फिरवून मैदानाबाहेर चालू लागली. परक्यांनी ढकललं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मेंढवाड्यात एक उशिरा जन्मलेलं कोकरू थरथरत होतं. आजोबांनी ते उचललं आणि त्याच जुन्या मायेने म्हणाले, "सिली गं माझं..."

"त्याला तसं म्हणू नका, आजोबा," दुधाची बाटली पुढे करत थर्झा म्हणाली. "त्याने कुठे झेल सोडलाय?"

आजोबांनी तोंड मिटलं. कोकरू कोटात गेलं, मी ओठांवरच राहिलो. त्यानंतर त्यांनी मला कधी उच्चारलं नाही.

मित्रांनो, ज्या शब्दाने कुणाला जोजवलंत, तो रागात त्याच्यावर फेकू नका. झेल पुढच्या सामन्यात पकडता येतो. मी मात्र आता कुठे राहायला जाऊ?