पाठीवरची दोन वर्तुळे

मित्रांनो, मी जाड्याभरड्या कापडाचा एक जुना पट आहे. अडीच हात लांब, दीड हात रुंद. माझ्यावर मांडी घालून बसलेला एक माणूस रंगवला आहे आणि त्याच्या अंगावर चक्रे. चिमूरजवळच्या एका खेड्यात, एका नाथपंथी साधूच्या समाधीच्या खोलीत मी भिंतीवर टांगलेला असे.

तुम्ही विचाराल, शरीरात कुठली आली चक्रे? खरे आहे, हाडामांसात ती सापडत नाहीत. चक्र म्हणजे आधी गाड्याचे चाक. मग पूजेत देवतांची गोलाकार मांडणी करत, त्या रिंगणालाही चक्र म्हणू लागले. पुढे साधकांनी तेच रिंगण डोळे मिटून स्वतःच्या देहात कल्पिले. मन एका जागी थांबावे म्हणून ठरवलेली ती ठिकाणे होती. कुणी चार मानली, कुणी पाच, कुणी सहा, कुणी नऊ. आणि प्रत्येकाला आपलीच मोजणी पक्की वाटे.

माझ्या पहिल्या चिताऱ्याला चार सांगितली होती: नाभी, हृदय, कंठ आणि टाळू. त्याने धावड्याच्या डिंकात गेरू खलून ती काढली. गेरू ही माती, उन्हाने विटत नाही. दोन पिढ्यांनंतर एक फिरता साधू पावसाळाभर मुक्कामाला राहिला. त्याच्या गुरूने नाभीखाली आणखी दोन शिकवली होती. तेव्हाच्या पुजाऱ्याने पळसफुलांच्या पिवळ्या रंगाने ती माझ्यावर काढून घेतली. किती मिरवलो मी! पण खिडकीतून रोज ऊन येई, आणि पळसाचा रंग उन्हात टिकत नाही. साठ वर्षांत ती दोन्ही विरून गेली. लोकही विसरले.

समाधीची दिवाबत्ती करणारा रामाजी तेवढा विसरला नाही; लहानपणी त्याने ती पाहिली होती. रोज सकाळी तो माझ्या चार वर्तुळांना बोट लावी आणि मग नाभीखाली कोऱ्या कापडावर दोनदा.

"रामाजीले रिकाम्यातच देव दिसते," म्हणून लोक हसत.

तो गेला आणि दिवाबत्ती त्याच्या मुलीकडे, गुणाबाईकडे आली. तीही तशीच सहा वेळा बोट लावी. का, ते त्याने कधी सांगितले नव्हते. बापाचे असे तेवढेच तिच्याकडे उरले होते.

१९५६ सालच्या माघात, यात्रेच्या आधी, शाळेचे दादाजी गुरुजी एक छापील पुस्तक घेऊन आले. सोबत लच्छू चितारी.

"गुणाबाई, हे पाहा. यात सात चक्रं आहेत, तुमच्या पटावर चारच. रामाजीभाऊ साधा माणूस, राहून गेलं असन. आपण पांढऱ्या रंगाचा हात देऊन सगळं नव्यानं काढून घेऊ."

"माह्या बाबाले चुकला म्हणू नोका, गुरुजी."

"मी वाईट बोलून नाई राह्यलो, बाई. पण यात्रेत परगावचे लोक येतात. हासतीन."

"गावचे हासलेच. आता परगावचे हासतीन," गुणाबाई म्हणाली. पण गावाने ठरवले होते. पदराचे टोक मुठीत धरून ती उंबऱ्यावर बसली.

रंगाआधी कापड ताठ करावे लागते. त्यासाठी पाठीला तांदळाची खळ लावतात. लच्छूने मला चटईवर पालथे घातले, कुंचला खळीत बुडवला आणि हात तसाच धरून राहिला.

"बाई, इकडे या बरं. हे काय होय?"

माझ्या पाठीवर दोन पिवळी वर्तुळे होती, हळदीसारखी ताजी. डिंकातला गेरू कापडावर बसून राहतो. फुलांचा रंग मात्र धाग्यात मुरतो, पार जातो. आणि भिंतीकडच्या माझ्या पाठीला ऊन कधी लागलेच नव्हते.

गुणाबाईने मला अलगद सुलटे केले. एक हात खाली घालून वर्तुळांवर धरला आणि वरून रोजच्या जागी बोट टेकले. बोटाखाली बोट आले.

"रिकामं नोहोतं," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसू लागली.

गुरुजींनी पुन्हा पुन्हा मोजले. "चार न दोन, सहा. पण पुस्तकात भुवयांच्या मधात एक आहे, ते इथी नाई. जुळून नाई राह्यलं."

"नाई जुळत तं नाई जुळत. पुस्तकवाल्याचा गुरू येगळा, आमचा येगळा," गुणाबाई म्हणाली.

"मंग कुंचला धुऊ का, गुरुजी?" लच्छू म्हणाला. "खळ मी पिऊन घेतो, सकाळपासून उपाशीच आहो."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटले. "रामाजीभाऊले चुकला म्हणालो, ती चूक माही," म्हणाले आणि कागद मागवला. माझ्या दोन्ही बाजू त्यांनी उतरवून घेतल्या, कोणती चक्रे आधीची, कोणती मागून आलेली, तेही लिहिले.

यात्रेत मला दोन खांबांमध्ये दोरीवर टांगले. रामाजीला हसणारे रांगेने माझ्या पाठीमागे जाऊन आले. पण तिसऱ्या प्रहरी लच्छू गुणाबाईला म्हणाला, "बाई, आता पाठीलेही ऊन लागून राह्यलं. असंच ठेवलं तं हेही उडन."

तेव्हापासून मी वर्षातला एकच दिवस बाहेर येतो, तोही सावलीत. एरवी कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला, समाधीच्या खोलीतल्या पेटीत असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूत तुम्हाला काही चुकलेले, राहून गेलेले दिसले, तर रंग कालवण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा. तिच्यावर किती जणांचे हात फिरले आहेत, ते पाठीवर कळते.

मला झाकून ठेवताना गुणाबाईचा हात जड झाला होता. अजूनही रोज सकाळी ती एकेक नाव घेत मोकळ्या भिंतीवर बोट टेकते. पेटीच्या आत मला ऐकू येते: नाभी, हृदय, कंठ, टाळू. मग थोडे थांबून, मागून आलेली दोन. दारात कुणी ना कुणी उभे असते. हसण्याचा आवाज येत नाही.